पहिल्या घासाचा मान

मला खोटं खपत नाही. नाटकात तर मुळीच नाही. आमच्याकडे जत्रेतल्या नाटकांत मी राजाच्या मनगटावर घड्याळ पाहिलेलं आहे आणि राणीच्या पायात रबरी चपला. शेलूबाजारला एकदा प्रधानजींनी भर दरबारात बिडी पेटवली, तेव्हा मी उठून चालता झालो होतो. लोक म्हणाले, शालिग्राम मास्तरचं डोकं फिरलं. फिरू दे म्हटलं. जे झालंच नाही ते झालं म्हणून दाखवणं माझ्या लेखी पाप होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं ते माझ्या खोटेपणाने घडलं नाही. खरेपणाच्या घमेंडीने घडलं.

मी ज्या गावी शाळामास्तर होतो ते इंझोरीपासून दोन कोसांवर. गावाला एके काळी राजा होता. फार मोठा नव्हे, पंधरा-वीस गावांचा धनी. पण दरबार होता, दिवाण होता, दोन राण्या होत्या आणि त्यांच्यातून विस्तव जात नव्हता. माझ्या वेळेला त्यातलं काही उरलं नव्हतं. गढीचा मातीचा ढिगारा होता, त्याच्या पायथ्याशी एका बाळराजाची समाधी होती, आणि एक रीत होती.

रीत अशी. हनुमान जयंतीला भर दुपारी गावाचा भंडारा व्हायचा. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, मोठ्या कढयांत वरण आणि वांग्याची भाजी. पंगत बसण्याआधी पहिला घास नानाजींनी घ्यायचा. नानाजी म्हणजे साठीला टेकलेले एक शेतकरी, अंगाने वाळके आणि बोलायला त्याहून कमी. घरून आणलेल्या तांब्याच्या वाटीत त्यांना वरण वाढत, हातावर रोडग्याचा तुकडा ठेवत. ते खात. मग त्यांच्यापुढे पणतीत बोटभर वात लावत. वात जळून जाईपर्यंत त्यांनी तिथंच बसायचं आणि गावाने थांबायचं, असा मूळ नियम. पण भुकेली माणसं कुठली थांबायला. वात पेटली न पेटली की उदयसिंग ती फुंकून टाकत, 'बसा' म्हणत, आणि पानं मांडली जात. उदयसिंग हे जुन्या दिवाणांच्या घराण्यातले, गावातले मोठे जमीनदार. फुंकर मारण्याचा मान त्यांचा.

नानाजींच्या घराला घासाच्या मानाचा केवढा अभिमान. त्यांचा मूळपुरुष इंद्रभान दरबारात राजाच्या ताटातला पहिला घास घेण्याच्या चाकरीवर होता. धाकट्या राणीने थोरलीच्या मुलाच्या, म्हणजे गादीवरच्या बाळराजाच्या, जेवणात विष घातलं. इंद्रभानाने घास घेतला, तो मेला, राजा वाचला. म्हणून घराला मान मिळाला, आणि नाल्याकाठचं चार एकराचं शेत मिळालं, ज्याला सगळे अजून घासाचं वावर म्हणत. "आमच्या मानसानं जीव देल्ला," एवढंच नानाजी सांगायचे, आणि सांगून झालं की मान खाली घालायचे.

चोपन्न सालच्या हनुमान जयंतीच्या जत्रेला उदयसिंगांनी मला आपल्याच गावच्या राजाचं नाटक बसवायला सांगितलं आणि घरातली जुनी संदूक उघडून दिली. मोडी वाचता येणारा पंचक्रोशीत मी एकटा. आठ दिवस मी त्या कागदांत नाक खुपसून होतो. बहुतेक वाळवीने खाल्लेले. पण एका सनदेचा खालचा अर्धा भाग शाबूत होता. घासाच्या चाकरीबद्दल इंद्रभान यास नाल्याकाठची जमीन दिली, त्याने स्वतः हुजुरांपुढे येऊन ती घेतली, असं त्यात लिहिलं होतं. खाली साल होतं. मी तसाच उठलो, गढीच्या पायथ्याशी गेलो आणि समाधीच्या दगडावरचं साल पुन्हा वाचलं. समाधी गाव सांगतं त्या विषाच्याच सालची होती आणि सनद त्यानंतर बारा वर्षांची.

म्हणजे वाचला म्हणतात तो राजा मेला होता, आणि मेला म्हणतात तो इंद्रभान बारा वर्षांनी आपल्या पायांनी दरबारात येऊन बक्षीस घेऊन गेला होता. तेव्हा गादीवर धाकट्या राणीचा मुलगा होता. याचा अर्थ काय, हे माझ्या तिसरीतल्या पोरांनीही सांगितलं असतं. घास घेणाराच फितूर होता. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी शाळा तासभर आधी सोडली. दीडशे वर्षं गावाने एका फितुराला मान दिला होता आणि ते मला, बाहेरून आलेल्या मास्तराला, सापडलं होतं.

तालमी सुरू झाल्या तसे एका संध्याकाळी नानाजी शाळेत आले. बाहेरच उभे राहिले. मी बोलावलं तेव्हा आत येऊन बाकाच्या कडेला टेकले.

"मास्तर, कागदात आमच्या मानसाचं नाव हाय म्हन्तेत. खरं हाय काय?"

आहे, म्हटलं. अगदी स्पष्ट आहे. त्यांचे डोळे भरून आले. अजून काय लिहिलंय म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगू शकत होतो. पण तिसरा अंक मी हातचा राखून ठेवला होता, तो तोवर उदयसिंगांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता, नटांनाही तो शेवटच्या दोन दिवसांत शपथ घालून द्यायचा होता. मी हसून म्हटलं, नाटकातच बघा. त्या संध्याकाळी मी तोंड उघडलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

दुसऱ्या दिवशी ते ती तांब्याची वाटी घेऊन आले. चिंचेने घासून लख्ख केलेली, धुतल्या फडक्यात गुंडाळलेली. "नाटकातबी हेच असू द्या," म्हणाले. "तुमाले समदं खरं लागते ना." मी वाटी घेतली. मनात म्हटलं, वा, आता सगळंच अस्सल झालं. लाज वाटायची ती मला आज वाटते, तेव्हा नाही वाटली.

इंद्रभानाचं काम करायला गावातलं कुणी तयार होईना, मेलेल्या माणसाचं सोंग नको म्हणून. ते मीच घेतलं. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी दिवेलागणीला पडदा वर गेला. नानाजी अगदी पुढे बसले होते, कोरं धोतर नेसून. बायकांत त्यांची कस्तुराबाई आणि सून तुळसाबाई. राजाच्या मनगटावर घड्याळ नव्हतं, कुणाच्या पायात चपला नव्हत्या, पगड्या जुन्या पद्धतीने बांधलेल्या. तिसऱ्या अंकात मी त्या तांब्याच्या वाटीतून घास घेतला, थांबलो, तोंड पुसलं आणि बाळराजाला मान हलवून खूण केली. बाळराजा जेवला आणि कोसळला. शेवटच्या प्रवेशात राणीच्या हातून मी जमिनीचा कागद घेतला आणि लोकांकडे तोंड करून हसलो. ते हसू मी तीन दिवस आरशासमोर बसून बसवलं होतं.

टाळी वाजली नाही. मग नानाजी उठले, पायऱ्या चढून रंगमंचावर आले, सामानातून आपली वाटी उचलली, खांद्यावरच्या उपरण्याने आतून बाहेरून पुसली आणि घरी गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. खरं झोंबतंच, असं मी स्वतःला सांगितलं आणि तोंडाचा रंग धुतला.

दुसऱ्या दिवशी भंडारा. नानाजी येणार नाहीत असं सगळ्यांना वाटत होतं. ते आले. वाटी पुढे केली, वरण घेतलं, रोडग्याचा तुकडा बुडवून खाल्ला आणि मांडी घालून बसले. वात लागली. उदयसिंग सवयीने वाकले, त्यांनी गाल फुगवलेही, आणि मग लोकांकडे पाहिलं. गाव एरवी त्या वेळी पाटापाण्यासाठी एकमेकांवर खेकसत असायचं. त्या दिवशी सगळे नानाजींच्या गळ्याकडे बघत होते.

"जळू द्या," उदयसिंग म्हणाले आणि सरळ झाले.

चैत्राचं ऊन डोक्यावर होतं. बोटभर वात जळायला किती वेळ लागतो हे त्या गावाला पहिल्यांदाच कळलं. नानाजींच्या कानशिलांवरून घाम वाहत होता, पण त्यांनी तो पुसला नाही. शेवटी वात वाकली, तडतडली आणि विझली. ते बसलेले होते तसेच होते. उदयसिंगांनी 'बसा' म्हटलं. कुणी बसलं नाही. पुढे उभ्या असलेल्या रंगूबाईने आपली नातवंडं मागे ओढली आणि भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, "त्याइच्या इंद्रभानालेबी काई झालं नोतं."

एवढं बोलून ती घराकडे निघाली. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. पाहता पाहता देवळापुढचं पटांगण रिकामं झालं. रोडगे नि वरण बैलांना घालावं लागलं. माझ्या नाटकाने या माणसाला कुठे आणून बसवलं होतं ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. घास घेऊन तो जगला तर फितूर. घराचा मान परत मिळायचा एकच मार्ग मी उघडा ठेवला होता.

त्याच दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. का गेलो ते सांगता यायचं नाही, मला घरी बसवेना. नानाजी वावरात होते. कस्तुराबाईंनी घोंगडी टाकली, पाणी दिलं आणि विचारलं, कागदात असं काय होतं मास्तर. जे महिन्यापूर्वी नानाजींना सांगायला हवं होतं ते मी तेव्हा त्यांना सांगितलं. सगळं ऐकून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"ह्यायचं नाव काय हाय, तुमाले मालूम हाय काय?" त्यांनी विचारलं.

नानाजी, मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. नाना हे हाक मारायचं नाव. खरं नाव त्या सांगू शकत नव्हत्या, कारण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. तुळसाबाई सांगू शकत नव्हती, कारण सासऱ्याचं घ्यायचं नाही. दोघी नुसत्या माझ्यासमोर उभ्या. शेवटी तुळसाबाईने पत्र्याच्या डब्यातून शेतसाऱ्याची पावती आणून माझ्यापुढे ठेवली. मी वाचली. तिच्यावर नाव होतं इंद्रभान.

"पैल्या आज्यानं घास घेतला न् तो मेला, तवा त्याची बायको पोटुशी होती," कस्तुराबाई सांगू लागल्या. "पोरगं झालं. बापाचंच नाव देल्लं त्याले. बारा वर्साचं झालं तवा मायनं हात धरून गढीवर नेलं. वावर त्या पोराले भेटलं मास्तर."

आणि बाळराजा? तो त्या घासाने वाचलाच होता. चार महिन्यांनी देवीच्या साथीत गेला. साल तेच. दगडावर साल असतं, कशाने मेला ते नसतं. तेव्हापासून त्या घरात एक पिढी सोडून इंद्रभान होत आला. नानाजींना आजोबांचं नाव दिलं, पण त्यांच्या आईला सासऱ्याच्या नावाने पोराला हाक मारता येईना, म्हणून ती नाना म्हणू लागली आणि गावही तेच म्हणू लागलं.

मी पावती हातात धरून बसून राहिलो. माझ्या स्वतःच्या आईने माझ्या थोरल्या भावाला जन्मभर बाळ्या म्हटलं, कारण त्याचं नाव आमच्या आजोबांचं होतं. ही गोष्ट मला दुसऱ्या कुणी शिकवायला नको होती. आणि सनदेतलं नाव वाचून मला एकच माणूस दिसला.

मी गावभर फिरलो. घरोघर सांगितलं, पावती दाखवली, समाधीपाशी नेऊन साल वाचून दाखवलं. लोक ऐकून घेत. मग म्हणत, नाटक मात्र झकास झालं मास्तर. उदयसिंगांपुढे मी हात जोडले. ते म्हणाले, तुम्हीच तर दाखवलं, आता कशाला फिरवता. कामरगावच्या मंडळींनी माझं नाटक मागितलं. मी हस्तलिखित दिलं नाही, तर आमच्याच पोरांनी पाठ होतं तसं केलं. शेवटचं ते हसू त्यांनी सोडलं नाही म्हणे. उलट वाढवलं.

नानाजींच्या पायावर डोकं ठेवायला मी नाल्याकाठच्या वावरात गेलो. त्यांनी ठेवू दिलं नाही. मी म्हटलं, पुढच्या जत्रेला नवं नाटक करतो, इंद्रभान मेला असं दाखवतो, खरं ते दाखवतो. ते बांधावर बसले होते.

"दाखवा," ते म्हणाले. "पन मास्तर, तुमी मेले तरी पडदा पडल्यावर उठून बसान. लोक थे पायतेत."

ते वर्ष त्या घराला फार वाईट गेलं. लग्नकार्यात कस्तुराबाईंना चुलीपाशी कुणी बोलावेना. त्यांच्या विहिरीवर येणाऱ्या बायका लांबच्या विहिरीवर जाऊ लागल्या. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही, नुसतं हात आखडत गेले. तुळसाबाईला लग्नानंतर सात वर्षांनी दिवस गेले, पण ओटी भरायला शेजारचीही फिरकली नाही. हिवाळ्यात नानाजींनी घासाचं वावर मुलाच्या नावावर केलं. होळीनंतर मी एकदा त्यांच्या अंगणावरून जात होतो तर ते मुलाला समोर बसवून वाटी कशी धरायची, घास कसा घ्यायचा, वातीकडे बघायचं की समोर, ते दाखवत होते. मला बरं वाटलं. म्हटलं, म्हाताऱ्याने धीर सोडलेला नाही. इतका मी मूर्ख.

पंचावन्नच्या हनुमान जयंतीला संध्याकाळी माझं दुरुस्त नाटक व्हायचं होतं. गळ्याला हात लावायचा, डोळे फिरवायचे, गुडघ्यांवर यायचं आणि पालथं पडायचं, अशी तालीम मी तीन आठवडे करत होतो. दुपारी भंडाऱ्याला गाव जमलं, जेवायला कमी आणि बघायला जास्त. नानाजी आले. वाटीवर फडकं होतं. ते वाढप्यापुढे गेल्यावरच त्यांनी बाजूला केलं. वाटी ते नेहमी उघडीच आणत. हे माझ्या लक्षात आलं, आणि लक्षात येऊनही मी जागचा हललो नाही.

त्यांनी घास घेतला. बसले. वात लागली. उदयसिंग या वेळी वाकलेही नाहीत. कस्तुराबाई बायकांच्या मागे उभ्या होत्या, पदर दातांत धरून. वात निम्मी झाली असेल नसेल, नानाजींचा हात गुडघ्यावरून घसरला. त्यांनी गळ्याला हात लावला नाही, डोळे फिरवले नाहीत. दुपारी बांधावर माणूस आडवं होतं तसे ते कुशीवर झाले आणि राहिले.

सगळे मागे सरले आणि मग कुणीतरी कढया देवळामागच्या खड्ड्यात उपड्या केल्या. मंगरूळहून डॉक्टर आले, त्यांनी पाहून सांगितलं की उपाशीपोटी उन्हात बसले, हृदय बंद पडलं. त्यांचं कुणी ऐकलं नाही. घास घेतला आणि मेला, हे गावाने डोळ्यांनी पाहिलं होतं. रंगूबाई नानाजींच्या पायाशी बसून ऊर बडवून रडली. उदयसिंगांनी खांदा दिला. इंद्रभानाच्या वंशाने पुन्हा एकदा गाव वाचवलं, असं जो तो म्हणू लागला. माझं नाटक झालं नाही. त्याची कुणाला आठवणही झाली नाही.

मी मात्र त्या खड्ड्याकडे गेलो होतो. गावातली सगळी कुत्री तिथे वरणात तोंड घालून होती. दुसऱ्या दिवशी ती गल्लीत भांडत होती, एकही मेलं नाही. मी नानाजींच्या घरी गेलो तेव्हा कस्तुराबाई अंगणात राखेने वाटी घासत होत्या. घासून झाली, धुतली, आणि पुन्हा राख घेऊन घासायला बसल्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी काही विचारलं नाही. मृत्यूचा पंचनामा झाला तेव्हा साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. वाटी स्वच्छ होती आणि मी ती स्वतः पाहिली, असं त्यात लिहिलं आहे. ज्याला खोटं खपत नाही त्या माणसाची ती सही आहे.

श्रावणात तुळसाबाईला मुलगा झाला. ओटी भरायला आता सगळं गाव. पुढच्या भंडाऱ्याला नानाजींचा मुलगा पहिल्या घासाला बसला. वात पूर्ण जळली. ती आता कुणी फुंकत नाही. गावाचं म्हणणं, नियम म्हणजे नियम. मीही त्या गर्दीत उभा होतो आणि सगळ्यांबरोबर त्याच्या गळ्याकडे बघत होतो. वात विझली, तो बसलेलाच राहिला, उदयसिंग 'बसा' म्हणाले आणि पंगत बसली.

तुळसाबाई पोराला कडेवर घेऊन कडेला उभी होती. पोराचं नाव इंद्रभान ठेवलं आहे. तिला सासऱ्याचं नाव घेता येत नाही, म्हणून ती त्याला नाना म्हणते.